तालुक्याच्या गावचा फोटोग्राफर

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत वेदान्त, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांच्या रांगेत फोटोग्राफरच्या धंद्याचे नाव पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, देवघराच्या शेजारच्या किंवा माजघराच्या भिंतीवर, आजोबा-पणजोबांचा एखादा फोटो असतोच. त्या फोटोतील माणसाचे नाव आपण सांगतो, तो केव्हा वारला तेही सांगतो. पण फोटो कोणी काढला हे विचारले तर गप्प बसतो. पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात उठावाच्या अक्षरांत स्टुडिओचे नाव दाबलेले असते, ते आपण कधी वाचलेलेच नसते. तेव्हा हा मनुष्य काय काम करीत असे आणि कसे करीत असे, हे आज पाहू.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. पॅरिसला दागेर याची कृती १८३९ साली जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या मुंबईतील नामांकित छायाचित्रकार होते. म्हणजे ही विद्या आपल्याकडे उशिरा आली असे म्हणता येत नाही. मात्र ती मुंबईहून तालुक्याच्या गावी यावयाला बराच काळ लागला. सुरुवातीची ओली काच जागच्या जागी तयार करून, ओली आहे तोवरच वापरावी लागे. हा खटाटोप संस्थानिकांच्या आणि सरकारी खात्यांच्या खर्चाने चालावयाचा. मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. पुढे असल्या काचा कारखान्यात तयार होऊन पेटीत बंद येऊ लागल्या, तेव्हा कोठे दुकान मांडून बसणे बेताच्या भांडवलाच्या माणसाला शक्य झाले.

अशा माणसांपैकी एकाचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे, फक्त दुसऱ्या कारणाने. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकून गोध्रा येथे स्टुडिओ काढला होता. प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल गेले, गोध्रा सुटले. पुढे बडोद्यास पुन्हा हा धंदा करून पाहिला, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांत आवई उठली आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, त्याच्या आधीची ही कहाणी. ‘राजा हरिश्चंद्र’चा कर्ता हा एक धंदा न चाललेला गावचा फोटोग्राफर होता, असे म्हणावयास हरकत नाही. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते ही समजूत तर त्यानंतरही पुष्कळ वर्षे आपल्या खेड्यांत टिकली होती.

आता स्टुडिओत शिरू. जुन्या स्टुडिओला उत्तरेकडे मोठी खिडकी किंवा छपरात काचा असत. उत्तरेच्या बाजूने ऊन सहसा आत येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर साधारण सारखा राहतो. समोर रंगविलेला पडदा; त्यावर महिरप, जिना, तळे, हंस. हे पडदे रंगविणारे बहुधा नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणाऱ्यांच्याच जातकुळीचे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी प्रथम नाव मिळविले ते नाटकांच्या पडद्यांवर. त्यामुळे घरी शेणाने सारवलेली जमीन असलेला शेतकरी फोटोत संगमरवरी जिन्याशी उभा दिसतो. याला कोणी खोटेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. नाटकाला गेलेला मनुष्य पडद्यावरचा राजवाडा पाहून फसत नाही, तसाच हाही फसत नसे. आयुष्यात एकदा फोटो काढावयाचा तर तो जरा ऐसपैस जागी काढावा, एवढेच त्याचे म्हणणे.

कॅमेरा तिपाईवर, मागे काळे फडके. फोटोग्राफर फडक्यात डोके घालून घाशीव काचेवर जे पाही ते उलटे, डोके खाली पाय वर. जन्मभर माणसे उलटी पाहून त्यांचे चेहरे पारखावयाचे हे काही सोपे काम नव्हे! मग काच बसवावयाची, भिंगावरचे टोपण काढावयाचे, मनात एक-दोन-तीन मोजावयाचे आणि टोपण पुन्हा लावावयाचे. तेवढा वेळ हलावयाचे नाही. जुन्या फोटोंतील मंडळी इतकी गंभीर का, याचे एक कारण हे. दुसरे असे की वडीलधाऱ्यांनी चारचौघांत दात दाखवू नयेत हा त्या काळचा शिष्टाचार होता.

या काचांचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे, कारण त्याने पुष्कळांचे समज बिघडविले आहेत. जुनी काच सगळे रंग सारखे पाहत नसे. निळा रंग तिला भरपूर दिसे आणि तांबडा मुळीच दिसत नसे. त्यामुळे फोटोत कुंकू काळे येई, तांबडा शालू काळा येई आणि निळे लुगडे पांढुरके दिसे. माणसाच्या, विशेषतः आपल्याकडच्या गव्हाळ माणसाच्या, कातडीत तांबूसपणा असतो. म्हणून चेहराही असावा त्याहून काळा उमटे. ‘आमच्या आजी सावळ्या होत्या, फोटोत दिसतात ना,’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आजी कदाचित तुमच्याआमच्याइतक्याच उजळ असतील. सर्व रंग दाखविणारी फिल्म पुढे रुळली, पण तोवर पावडर लावल्याशिवाय फोटोला बसावयाचे नाही ही रीत पक्की होऊन बसली होती.

फोटो घेतला की खरे काम सुरू होई ते अंधारखोलीत. काच प्रथम डेव्हलपरच्या तबकात, मग पाण्यात, मग हायपोत, आणि त्यानंतर पुष्कळ वेळ वाहत्या पाण्यात. तांबड्या काचेचा कंदील एवढाच उजेड. पुस्तकात लिहिलेले असे की डेव्हलपर वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असावा. आता आपला लग्नसराईचा हंगाम पाहा: चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. नगर-सोलापूरकडे पारा चाळिसाच्या पलीकडे. इतक्या उन्हात काचेवरचे जिलेटिन मऊ होते, कडेने सुटू लागते आणि वधूवरांच्या चेहऱ्यासकट वितळून तबकात उतरते. म्हणून फोटोग्राफर पहाटे तीन-चारला उठून काम करी. तबकाभोवती ओली फडकी गुंडाळावयाची, माठातले पाणी वापरावयाचे, जिलेटिन घट्ट राहावे म्हणून तुरटीचे पाणी द्यावयाचे. मुंबईपुण्याच्या दुकानात बर्फ मिळे. येथे विहीर आणि माठ. आणि ज्या दिवसांत धुण्याला सर्वांत जास्त पाणी लागे, नेमक्या त्याच दिवसांत विहिरीचा तळ दिसे. फोटो नीट धुतला गेला नाही तर हायपो कागदात राहतो आणि काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. आपल्या घरच्या पिवळ्या फोटोंत वयाचा दोष किती आणि त्या उन्हाळ्यातील पाणीटंचाईचा किती, हे कोण सांगणार?

वीज येण्यापूर्वी छापही उन्हातच काढीत. काच आणि कागद एका चौकटीत दाबून उन्हात ठेवावयाचे आणि अधूनमधून मागची अर्धी फळी उघडून किती उठले ते पाहावयाचे. त्यामुळे फोटो काचेएवढाच येई. अर्धी प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. भिंतीवरचे भले मोठे फोटो सर्रास निघू लागले ते वीज आल्यावर, एन्लार्जर आल्यावर.

आता लग्नाकडे येऊ, कारण पोट त्यावर. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, पौष बहुतेक कोरडा. म्हणजे वर्षाची कमाई काही महिन्यांत करावयाची आणि उरलेला काळ शाळेचे ग्रुप, गणेशोत्सव मंडळाचे ग्रुप आणि परीक्षेच्या अर्जाचे फोटो यांवर ढकलावयाचा. पावसाळ्यात भिंगावर आणि निगेटिव्हवर बुरशी चढते ते निराळेच. कोकणातल्या फोटोग्राफरला विचारा.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत काचा मागे पडल्या आणि रोल आला. एकशेवीस नंबरच्या रोलवर चौरस आकाराचे बारा फोटो. यजमान सांगत, दोन रोल काढा. म्हणजे चोवीस. दोन कुटुंबे, तीनचारशे माणसे, सीमान्तपूजनापासून वरातीपर्यंतचा सोहळा, आणि फोटो चोवीस. त्यात कोणते असलेच पाहिजेत हे ठरलेले: मामा मुलीला घेऊन येतो तो, अंतरपाट, माळा, कन्यादान, होम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, पंगतीत घास भरविताना, झाल आणि पाठवणी. उरलेल्या दहाबारांत दोन्ही घरचे सगळे मानपान सांभाळावयाचे. आज एका लग्नात दोनतीन हजार फोटो सहज निघतात. तेव्हा प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी हिशेब करावा लागे.

सर्वांत कठीण क्षण अंतरपाटाचा. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. हे सारे एका श्वासात. भटजी काही फोटोग्राफरसाठी थांबत नाहीत. मुहूर्त थांबत नसतो. म्हणून जाणता फोटोग्राफर अकरावा किंवा बारावा फोटो कॅमेऱ्यात असताना अंतरपाटाजवळ जात नसे. एक फोटो वाया गेला तरी चालेल, पण नवा रोल आधी घालून ठेवी, कारण रोल बदलावयाला मिनिटभर लागते आणि त्या मिनिटात लग्न लागून जाते. दुसरी अडचण अक्षतांची. अक्षता म्हणून तांदूळ असोत की खेड्यातली ज्वारी, फ्लॅश उडाला की भिंगाजवळून जाणारा दाणा पांढराशुभ्र चमकतो आणि नवरदेवाच्या नाकावर लाह्यांसारखा उमटतो. ‘सावधान’ म्हटल्यानंतर अक्षतांची पहिली लाट खाली पडू द्यावयाची आणि दुसरी उठण्यापूर्वी फोटो घ्यावयाचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. फ्लॅशचे दिवेही एकेकदाच चालत. उडालेला दिवा भाजत असे. तो रुमालाने काढून खिशात टाकावयाचा आणि नवा बसवावयाचा. जळके दिवे गोळा करावयाला मांडवातली सारी पोरे मागे.

ग्रुप फोटो हे प्रकरण तर वकिलीचे. मधल्या खुर्चीवर कोण, उजवीकडे कोण, थोरल्या जावईबापूंच्या आधी धाकटे तर बसले नाहीत ना, चुलते मागे उभे केले तर रुसणार नाहीत ना! विहिणी खुर्चीवर आणि आत्याबाई उभ्या, असे झाले तर त्याचे पडसाद पुढच्या मंगळागौरीपर्यंत उमटतात. फोटोग्राफर परका असून त्याला दोन्ही घरांची वंशावळ अर्ध्या तासात समजून घ्यावी लागे. गावातलाच असला म्हणजे ती आधीच ठाऊक असे, आणि कोणाचे कोणाशी बोलणे नाही हेही ठाऊक असे. शहरातून मोठा फोटोग्राफर आणणाऱ्या यजमानांची पंचाईत होई ती येथे.

पाठवणीच्या वेळी बाप रडतो. त्या वेळी फ्लॅश उडवावा की नाही? जुन्या माणसांपैकी पुष्कळांचा नियम असा की बापाचा चेहरा पदराआड किंवा कोणाच्या खांद्याआड असेल तेवढाच घ्यावयाचा. आता त्याचे चलचित्र निघते, त्याला मागून गाणे जोडतात. मला जुना नियम बरा वाटतो.

याहून नाजूक काम म्हणजे स्थळासाठी मुलीचा फोटो. येथे रीटचिंगची कला समजून घेतली पाहिजे. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे असते. म्हणून निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने ठिपके दिले की छापात ती जागा उजळते. चाकूच्या टोकाने खरवडले की काळी होते. रीटचर निगेटिव्ह तिरक्या चौकटीवर ठेवून, मागून उजेड घेऊन, भिंगातून पाहत ही पेन्सिल चालवी. एके काळी देवीच्या रोगाने कित्येक चेहरे वण घेऊन उरत. ते वण एकेक करून भरून काढणे हे रीटचरचे रोजचे काम होते, आणि डोळे जाईपर्यंत त्याने ते केले. त्याच पेन्सिलीने सावळी मुलगी गोरी होई. बाप हळूच सांगे, जरा उजळ येऊ द्या. आता फोटोग्राफरने काय करावे? नाही म्हणावे तर गरीब बापाचे स्थळ जाते. हो म्हणावे तर प्रत्यक्ष दाखविण्याच्या वेळी मुलीला पाहून समोरच्यांचा चेहरा पडतो आणि अपमान तिचाच होतो. काहींनी वण भरावेत पण वर्ण बदलू नये अशी आपल्यापुरती मर्यादा आखून घेतली. वण रोगाने दिलेले, वर्ण जन्माचा, असा त्यांचा तर्क. पुष्कळांनी अशी मर्यादा ठेवली नाही. आणि आज मोबाइलमध्ये हे काम विचारल्याशिवायच होऊन येते, त्यामुळे मर्यादा आखणारा कोणी उरलेलाच नाही. लग्नाच्या मुलींचे फोटो दर्शनी काचेत लावावयाचे नाहीत, हा मात्र बहुतेक स्टुडिओंतला सक्त नियम असे.

त्याच पेन्सिलीचा दुसरा उपयोग दुःखाचा. घरातले कोणी गेले की तिसऱ्याचौथ्या दिवशी मुलगा दुकानात येई. हातात कोठल्या तरी लग्नाचा ग्रुप. मागच्या रांगेत, नखाएवढ्या डोक्यावर बोट ठेवून म्हणे, ‘हा एवढाच आहे, तेराव्यापर्यंत मोठा करून पाहिजे.’ ग्रुपचा पुन्हा फोटो घ्यावयाचा, डोके वाढवावयाचे, शेजाऱ्याचा खांदा पुसावयाचा, अंगात कोट रंगवावयाचा. वाढविताना डोळे विरून जातात, ते ब्रशाने पुन्हा उभे करावयाचे. सवाष्ण गेलेली असेल तर कुंकू नीट दिसले पाहिजे. नवराबायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नसेल तर दोन फोटो जोडून एक करावयाचा. आपल्या भिंतींवरच्या हार घातलेल्या फोटोंत असे कितीतरी आहेत की ज्यांतले डोळे अर्धे त्या माणसाचे आणि अर्धे फोटोग्राफरचे. कॅमेरा संपला तेथून पुढे आठवणीने काम केलेले असते. गावातला असल्याने फोटोग्राफरने तो मनुष्य पाहिलेला असे.

हे काम एकट्याचे नसे. छाप वाळविणे, कडा कापणे, पुठ्ठ्यावर चिकटविणे आणि फोटो रंगविणे ही कामे कित्येक घरांत बायकाच करीत. हैदराबादला राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईकडे सोपविला होता. आमच्याकडे फोटोग्राफरची बायको पडद्याआड उभी राहून आलेल्या बाईचा पदर नीट करून देई, एवढ्यावर भागे.

रंगीत फोटो लग्नांत सर्रास आले ते १९८० च्या सुमारास, आणि अंधारखोली रिकामी झाली. रोल मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवावयाचे आणि छाप येण्याची वाट पाहावयाची. गंमत अशी की रंगीत फोटो हा चांदीचा नव्हे, रंगद्रव्यांचा असतो. ती द्रव्ये उडतात. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचे रंगीत अल्बम आज तांबूस झाले आहेत आणि त्याआधीचे, नीट धुतलेले काळेपांढरे फोटो जसेच्या तसे आहेत. धाकट्या भावाचे लग्न उडाले, थोरल्याचे शाबूत! पुढे डिजिटल कॅमेरा आला. दरम्यान मतदार ओळखपत्रांनी १९९३ पासून आणि नाना प्रकारच्या अर्जांनी पासपोर्ट आकाराच्या फोटोचे काम वाढविले होते. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधार सुरू झाले. तेथे फोटो केंद्रावरच काढतात. पासपोर्टच्या कचेरीतही तेच. आता गावच्या स्टुडिओत झेरॉक्स, लॅमिनेशन आणि मोबाइलमधले फोटो छापून देणे चालते.

शेवटी निगेटिव्हविषयी. फोटोचे पैसे आपण दिले तरी निगेटिव्ह स्टुडिओतच राहते, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. कायदा काय म्हणतो ते थोड्यांनाच ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार पैसे देणारा असतो. म्हणजे वस्तू त्याच्या कपाटात आणि हक्क आपल्या घरात, अशी विभागणी. दोघांपैकी एकालाही त्याची आठवण राहिली नाही. म्हातारा फोटोग्राफर गेला, मुलगा नोकरीला लागला, जागा रिकामी करावयाची वेळ आली की कपाट बाहेर निघते. जुन्या काचा गरम पाण्याने धुऊन फोटोंच्या चौकटींना लावल्या गेल्या, आणि फिल्म चांदी काढणाऱ्यांनी वजनावर नेल्या. हायपोतली चांदी तर पूर्वीपासूनच विकली जाई.

याला अपवाद आहेत. मध्य प्रदेशातील नागदा या कारखान्याच्या गावी सुरेश पंजाबी यांनी आपल्या ‘स्टुडिओ सुहाग’मधील निगेटिव्ह जपून ठेवल्या. क्रिस्टोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला आणि २०१३ साली ‘आर्टिझन कॅमेरा’ हे पुस्तक निघाले. नागद्याहून आपले गाव फार निराळे नाही.

मात्र नुसत्या निगेटिव्ह वाचवून भागत नाही. प्रत्येक स्टुडिओत एक रजिस्टर असे: नंबर, तारीख, नाव, किती प्रती, किती येणे. निगेटिव्हच्या पाकिटावर फक्त नंबर असतो. रजिस्टर गेले की पाकिटातला मनुष्य कोण हे कोणालाच सांगता येत नाही, आणि रद्दीवाला पहिल्याने नेतो ते रजिस्टरच. आपल्या गावात ज्यांच्याकडे असे कपाट असेल त्यांनी नगर वाचनालयाला निदान ते रजिस्टर तरी उतरवून घेऊ द्यावे. आणि घरच्या फोटोंमागे नावे लिहावयाची ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. ग्रुप असेल तर निराळ्या कागदावर, मागच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे.